भेग, भूकंप आणि ज्वालामुखी

अध्यक्षमहाराज आणि सोलापूरकर श्रोतेहो,

भूकंप म्हणजे काय, हे या शहराला सांगावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून नुकताच डोळा लागलेला असताना, भांडी वाजली म्हणून अंगणात धावलेले कितीतरी जण समोर बसले आहेत. माझी तक्रार किल्लारीच्या त्या धक्क्यानंतर आपल्याकडे रूढ झालेल्या एका वाक्याविषयी आहे : "खाली ज्वालामुखी आहे."

अक्कलकोट तालुक्यात शेती करणारे माझे मेहुणे दर उन्हाळ्यात फोन करतात : "दाजी, रानात भेग पडली आहे, आतून ऊब येते, येऊन बघा." एकदा गेलो. भेगेभोवती चुन्याची रेघ ओढलेली होती, नारळही फुटलेला होता. मी काठी घातली, ती हातभर जाऊन थांबली. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, एवढेच त्या भेगेचे रहस्य असल्याचे मी समजावले. पहिल्या पावसात भेग बुजली आणि श्रेय नारळाला गेले. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लांबच लांब भेगांतून लाव्हारस थरांवर थर पसरला, त्याचा कातळ झाला, कातळ झिजून ही माती झाली आणि तिच्यात तुम्ही ज्वारी पेरता, असेही मी सांगून पाहिले. मेहुणे म्हणाले, "म्हणजे ज्वालामुखी होताच की!" त्यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही.

आयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला विषय आता घाईने उरकतो.

खडक नुसता तडकला तर तो सांधा. तड्याच्या दोन्ही बाजू एकमेकींवरून सरकल्या तर तो प्रस्तरभंग. ताण साठत राहतो, घर्षण तो धरून ठेवते आणि घर्षण हरले की जी सरक होते तिचाच हादरा आपल्याला बसतो. ज्वालामुखीला एवढे पुरत नाही, त्याला खाली वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, लागतो. भारतीय भूपट्ट, म्हणजे आपल्याला पाठीवर घेतलेला खडकाचा अजस्र तुकडा, उत्तरेकडे रेटला जात असल्यामुळे आपल्या पायाखालीही दाब साठतो. पण किल्लारीला छिद्र घेतले तेव्हा 338 मीटरवर काळा कातळ संपला आणि त्याखाली थोडा गाळ व मग अतिप्राचीन खडक लागला, शिलारस नव्हे. हिमालयात मोठे भूकंप होतात, तरी तिथे ज्वालामुखींची रांग नाही. अंदमानात मात्र दोन्ही आहेत, कारण तिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो आणि त्याच्यासोबत गेलेले पाणी खालच्या तप्त खडकाचा वितळणबिंदू उतरवते. बॅरन बेटावरचा ज्वालामुखी त्यातूनच धुमसतो. उलट दिशेनेही नाते आहे : वर चढणारा शिलारस खडक फोडत येतो आणि छोटे हादरे देतो, म्हणून ज्वालामुखीजवळ हादरे वाढले की शास्त्रज्ञ सावध होतात.

अध्यक्ष घड्याळ दाखवत आहेत. प्रश्न घेतो, रानातल्या भेगांचे सोडून.