आधी फाइल परत आणा, मग डिस्क आवरा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणारा 386 कॉम्प्युटर होता. हार्ड डिस्क 40 मेगाबाइटची. वडील सोसायटीचे खजिनदार, त्यामुळे वर्षभराचा जमाखर्च त्याच डिस्कवर. सर्वसाधारण सभा तीन दिवसांवर आलेली आणि माझ्या हातून ती फाइल पुसली गेली. घशाला कोरड पडली. पुस्तकात बघून मी ‘अनडिलीट’ ही कमांड दिली. पडद्यावर फाइलचं नाव उमटलं, पण पहिल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. खाली विचारणा: पहिलं अक्षर कोणतं? मी ‘जे’ दाबलं. जमाखर्च जसाच्या तसा परत. वडील इतका वेळ खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते, ते तेव्हा कुठे बसले.

ही सोय एमएस-डॉसमध्ये 1991 साली, पाचव्या आवृत्तीत आली. त्याआधी 1982 पासून पीटर नॉर्टन यांच्या ‘नॉर्टन युटिलिटीज’ या डिस्कची देखभाल करणाऱ्या प्रोग्रामसंचातला ‘अनइरेज’ हेच काम करत होता. यात जादू काहीच नाही. डॉस फाइल पुसतं म्हणजे यादीतल्या तिच्या नावाचं पहिलं अक्षर खोडून तिथे एक खूण करतं आणि तिची जागा ‘मोकळी’ म्हणून नोंदवतं. मजकूर जागच्या जागी असतो. दुसरं काही त्यावर लिहिलं जाईपर्यंत. पहिलं अक्षर मात्र कायमचं गेलेलं, म्हणून ते आपल्याला विचारायचं.

अनडिलीटसारख्या प्रोग्रामबद्दल लोकांची मतं विचारा, दोन टोकं ऐकू येतील. एक म्हणेल, याने माझी नोकरी वाचवली. दुसरा म्हणेल, काही कामाचा नाही, नुसता कचरा परत दिला. मला वाटतं, दोघंही खरं बोलतात. नाव पुसलं की यादीत उरतं ते फाइल कुठून सुरू होते आणि केवढी आहे एवढंच. पुढचे तुकडे कुठे आहेत याचा दुवा तुटलेला असतो. फाइल सलग असली तर ती सहज मिळते. दहा ठिकाणी विखुरलेली असली तर प्रोग्राम अंदाजाने पुढचे तुकडे उचलतो आणि दुसऱ्याच कुणाचा तरी मजकूर मध्ये येतो.

विखुरलेले तुकडे एकत्र आणायचं काम डीफ्रॅगचं. विंडोज 98 वर ते रंगीत चौकोन सरकताना बघत आपल्यापैकी कित्येकांनी रविवारची दुपार काढली असेल. आणि मध्येच ‘ड्राइव्हवरचा मजकूर बदलला’ म्हणत ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं! मागे चालू असलेला एखादा प्रोग्राम, कधी तर स्क्रीनसेव्हरच डिस्कवर काहीतरी लिहायचा. सगळं बंद करून बसणाऱ्यांना डीफ्रॅग आवडायचा, बाकीचे त्याला शिव्या द्यायचे.

खरी गंमत पुढे आहे. नीट लावलेल्या डिस्कवर पुसलेली फाइल मिळायची शक्यता जास्त. पण फाइल पुसल्यानंतर डीफ्रॅग चालवलात, तर त्या मोकळ्या जागेवर दुसरं काही येऊन बसतं आणि फाइल कायमची जाते. दोन्ही साधनं चांगली, क्रम चुकला की घात. म्हणून मला कुणी ‘अमुक युटिलिटी वाईट’ असं सांगितलं की मी विचारतो: त्याआधी काय चालवलं होतं?

1993 मध्ये डॉसच्या सहाव्या आवृत्तीबरोबर डबलस्पेस आला. मजकूर दाबून बसवत डिस्कवरची जागा जवळपास दुप्पट करून देणारा, आणि डिस्क महाग असण्याच्या काळात तो कुणाला नको होता? पण आख्खा ड्राइव्ह एकाच मोठ्या फाइलीत कोंबलेला असायचा. त्या फाइलीला धक्का लागला की एकदम पुष्कळ काही जायचं. आपल्याकडे लिहिता लिहिता वीज जाणं नवं नव्हतं. यूपीएस नसलेल्या घरात मी तो कधीच बसवू दिला नाही.

व्हायरसचा विषय आपल्या फार जवळचा. 1990 मध्ये भारतात सापडलेल्या एका व्हायरसचं नावच जोशी! तो 5 जानेवारीला मशीन अडवून धरायचा आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्यावरच सोडायचा. ड्राइव्हमध्ये विसरलेल्या फ्लॉपीवरून मशीन सुरू झालं की तो आत शिरे. पुढे पुण्यात कैलास आणि संजय काटकर या भावांनी क्विक हील हे अँटिव्हायरस उभं केलं, तेही याच फ्लॉपीच्या काळात.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर असं मशीन असेल, त्यात जुन्या फॉन्टमधली पत्रं असतील, एखाद्या आजोबांनी टाइप केलेल्या आठवणी असतील. ते सुरू होत असेल तर त्यावर स्कॅनडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम), डीफ्रॅग, काहीही लगेच चालवू नका. जुनी डिस्क आहे, थोडेच तास चालेल असं धरा. ती काढून दुसऱ्या मशीनला जोडा आणि आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल घ्या. जोडताना त्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही हे बघा. मग मूळ डिस्क बाजूला ठेवून नक्कलेवर काय हवं ते करून बघा. पुसलेल्या फाइली आधी, बाकीचं नंतर. आणि प्रश्नचिन्ह दिसलं, तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. पहिलं अक्षर त्यांना आठवत असेल.