मागच्या सात दिवसांत तेल किती लागलं?

नमस्कार मंडळी.

आज २९ जून. देशभर हा सांख्यिकी दिवस म्हणून पाळतात. आपल्या देशात नॅशनल सॅम्पल सर्व्हे, म्हणजे निवडक घरांची देशभरातली सरकारी पाहणी, ज्यांनी उभी केली, त्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा हा जन्मदिवस. आपल्याकडे मात्र या तारखेला कुणाचं लक्ष आकड्यांकडे नसतं, आभाळाकडे असतं. मृग कोरडा गेला तर आर्द्राची वाट. सरकीच्या थैल्या घरात येऊन पडलेल्या, खताचे पैसे देऊन झालेले, आणि डब्यातली रोकड संपलेली. गरिबी कशी मोजतात हे सांगायला मी मुद्दाम हाच दिवस मागून घेतला, कारण कापसाच्या मुलखात याच्याइतका रिकामा महिना दुसरा नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. २०२२-२३ च्या सरकारी घरखर्चाच्या पाहणीत आमचं गाव निवडलं गेलं होतं. हातात टॅब घेतलेला एक तरुण मुलगा आमच्या ओसरीवर आला. मी सुट्टीत घरी होते, म्हणून त्याला घरं दाखवायला सोबत निघाले. पहिलं घर शेजारच्या काकूंचं. त्यानं विचारलं, "काकू, मागच्या सात दिवसांत खायचं तेल किती लागलं?"

काकू सुपात तुरी पाखडत होत्या. म्हणाल्या, "बापू, सात दिसाचं कसं सांगू? तेल त बजाराच्या दिवशी येते. थांब, बाटलीच आणतो." आणि त्यांनी आतून बाटली आणली, तिच्यावर बोट ठेवलं. "बजाराच्या दिवशी इथवर होतं. आता इथवर हाय."

त्या मुलानं बोटांमधलं अंतर पाहिलं आणि आकडा भरला.

श्रोतेहो, जगात इतके कोटी लोक अत्यंत गरीब आहेत असं तुम्ही बातम्यांत ऐकता. तो आकडा अशाच बाटल्यांवर ठेवलेल्या बोटांपासून तयार होतो. तेल, मीठ, साबण, एसटीचं भाडं, मुलाची वही, असे चारशेच्या वर जिनसा त्या यादीत असतात. घरच्या शेतातली तूर खाल्ली तर तिचीही किंमत धरतात. सगळ्याची बेरीज करायची, घरातल्या माणसांनी भागायचं, आणि आलेला आकडा एका रेषेशी ताडून पाहायचा. रेषेच्या खाली तो गरीब.

आता ती रेषा कुठली? जागतिक बँकेनं १९९० साली दिवसाला माणशी एक डॉलर अशी रेषा धरली. सगळ्यात गरीब देश आपापल्या घरी कोणाला गरीब म्हणतात, ते पाहून ती काढली होती. पुढे भाव बदलले, हिशेब सुधारले, आणि रेषा सरकत गेली. सव्वा डॉलर, मग २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५, आणि जून २०२५ पासून ३ डॉलर. या नव्या रेषेनं २०२५ साली जगात सुमारे ८० कोटी लोक अत्यंत गरीब धरले आहेत, म्हणजे दहात एक. त्यांतले बहुसंख्य सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहतात. १९९० साली हेच प्रमाण दहात चाराहून जास्त होतं. ही घट खरी आहे, आणि तिच्यामागे चीनचा वाटा फार मोठा आहे.

इथं एक घोटाळा नेहमी होतो, माझे विद्यार्थीही करतात. बँकेत एका डॉलरला ऐंशीच्या वर रुपये पडतात, म्हणून तीन डॉलर म्हणजे अडीचशेच्या वर रुपये झाले असं ते मांडतात. मग म्हणतात, मॅडम, या हिशेबानं तर आमचं अख्खं गाव गरीब. तसं नाही. हा डॉलर बँकेतला नाही. न्यूयॉर्कमध्ये केस कापायला जे पडतं त्याच्या कितीतरी कमी पैशांत आपल्या पारावरचा न्हावी केस कापून देतो. म्हणून निरनिराळ्या देशांतले भाव गोळा करून, अमेरिकेत एका डॉलरला जेवढं मिळतं तेवढंच इथं किती रुपयांत मिळेल, ते काढतात. त्याला क्रयशक्तीचा दर म्हणतात. भारतासाठी २०२१ च्या भावांनी तो वीस रुपयांच्या आसपास येतो. म्हणजे तीन डॉलरची रेषा माणशी रोजची साधारण साठ रुपयांची झाली. पाच माणसांच्या घराला महिन्याचे नऊ हजार.

२०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी ३१२ रुपये ठरली. तिला पाचानं भागा. बासष्ट रुपये आणि काही पैसे. भाव २०२१ पासून वाढले, ते बाजूला ठेवू. तरी निंदणाला किंवा रोजगार हमीवर घरातला एकच माणूस जात असेल, तर काम मिळालं त्या दिवशी ते घर रेषेला टेकतं. काम नसलेल्या दिवसाचं गणित तुम्हाला सांगायची गरज नाही.

भारताचा आकडा या तीन डॉलरच्या रेषेनं २०११-१२ साली सुमारे २७ टक्के होता, २०२२-२३ मध्ये तो ५.३ टक्क्यांवर आला. सुधारणा झाली यात मला शंका नाही. गावात पक्की घरं वाढली, सिलेंडर आले, राशनचा तांदूळ नियमित मिळतो, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. पण त्या तेलाच्या प्रश्नाकडे परत या. पूर्वी विचारायचे, मागच्या महिन्यात किती लागलं. महिन्याचं माणूस विसरतं, कमी सांगतं. तेल, भाजी, अंडी अशा वस्तूंसाठी सात दिवसांचं विचारलं तर जास्त नीट आठवतं, आणि खर्च वाढून दिसतो. २०११-१२ मध्ये दोन्ही तऱ्हांनी विचारून पाहिलं होतं. तेव्हाच्या १.९० डॉलरच्या रेषेनं महिन्याच्या प्रश्नावर भारतात २१ टक्के गरीब निघत होते, सात दिवसांच्या प्रश्नावर १२ टक्के. तोच देश, तेच वर्ष. कुणाच्या ताटात एक घास वाढला नव्हता.

यावरून कुणी म्हणेल की आकडे सगळे खोटेच. मला ते अजिबात मान्य नाही. दादाभाई नौरोजींनी कैद्याला तुरुंगात जगवायला किती धान्य-कपडा लागतो त्याचा हिशेब धरून दाखवलं की सामान्य हिंदुस्थानी माणसाच्या वाट्याला तेवढंही येत नाही. तो हिशेब त्यांनी इंग्रजांपुढे ठेवला. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोजच्या २,२५० कॅलरी हा पाया धरून गरिबीचा हिशेब देशापुढे ठेवला. आकडा नसता तर राशन नसतं, रोजगार हमी नसती. म्हणूनच त्यात काय सुटतं, ते बारकाईनं पाहायला हवं.

आता घरची गोष्ट सांगते. २०१४ च्या हिवाळ्यात माझ्या बाबांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. एका शहरातल्या खासगी दवाखान्यात एकवीस दिवस. बिल, औषधं, राहणं मिळून एक लाख ऐंशी हजार लागले. बैलजोडी विकली, मामांनी काही दिले, उरलेले सावकाराचे, महिना शेकडा पाच रुपयांनी. कापूस घरात येण्याआधीच त्याचे पैसे गेलेले होते. त्या हिवाळ्यात आमच्या घरी भाकर आणि ठेचा, जास्तीत जास्त आंबाडीची भाजी, याखेरीज काही शिजलं नाही. धाकटा भाऊ बारावीनंतर घरी बसला, तो पुन्हा कॉलेजात गेलाच नाही.

पुढे शिकवताना मी हा खर्च पाहणीच्या रीतीनं मांडून बघितला. दवाखान्यात भरती झाल्याचा खर्च त्यात वर्षभराचा विचारतात आणि घराच्या एकूण खर्चात मिळवतात. एक लाख ऐंशी हजार, भागिले बारा महिने, भागिले आम्ही सहा माणसं. माणशी महिन्याला अडीच हजार. आणि गरिबी कशी मोजायची ते ठरवायला सरकारनं नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साठी देशाच्या ग्रामीण भागाची गरिबीची रेषा होती महिन्याला माणशी ८१६ रुपये. म्हणजे एकट्या दवाखान्याच्या बिलानं आम्ही सहाही जण रेषेच्या तिप्पट उंच गेलो होतो. ज्या वर्षी आम्ही बैल विकले, त्या वर्षी कागदावर आमच्याइतकं सुखी घर आळीत नसतं.

उत्पन्न का मोजत नाहीत, असं तुम्ही विचाराल. त्याला सबळ कारण आहे. शेतकऱ्याचं उत्पन्न एका साली असतं, दुसऱ्या साली वजा होतं. खर्च त्यामानानं सपाट चालतो, म्हणून माणूस कसा जगतो ते खर्चावरून बरं कळतं. हे मी स्वतः फळ्यावर शिकवते. पण तो खर्च कमाईतून झाला की कर्जातून, हे त्या बेरजेत कुठंच दिसत नाही. कर्जाची पाहणी सरकार करतं, पण वेगळी. २०१९ च्या पाहणीत देशातल्या निम्म्या शेतकरी कुटुंबांवर कर्ज निघालं, आणि सगळ्या शेतकरी कुटुंबांत वाटून पाहिलं तर सरासरी ७४ हजारांचं. या दोन वह्या पुऱ्या तपशिलासह एका घरात, एका वेळी उघडत नाहीत. विदर्भातल्या घराची खरी हालत कळायची तर त्या शेजारी शेजारी ठेवून वाचायला हव्यात, आणि हे मी जिथं जिथं बोलायला मिळतं तिथं सांगत आले आहे.

रेषा आणि पिवळं कार्ड यांचीही लोक गल्लत करतात. डॉलरची रेषा कुणा एकाचं नाव घेत नाही, ती फक्त टक्केवारी सांगते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांच्या यादीत कुणाचं नाव घालायचं ते वेगळ्या रीतीनं ठरलं. २००२ च्या सर्व्हेत तेरा प्रश्न होते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण: जमीन किती, घर कसं, अंगावरचे कपडे किती, कर्ज कुणाचं. ज्याला गुण कमी तो गरीब. त्या यादीवरून ग्रामसभांत झालेली भांडणं तुम्ही पाहिली असतील. विधवा बाई सुटली आणि ट्रॅक्टरवाला आत आला, असं आमच्याही गावात घडलं. निती आयोग आता आरोग्य, शिक्षण, पाणी, चुलीचं इंधन, बँकेतलं खातं अशा बारा खुणांवरूनही गरिबी मोजतं. त्या मापानं महाराष्ट्रात २०१९-२१ मध्ये आठ टक्क्यांच्या जरा खाली लोक गरीब निघाले. तेही माप उपयोगाचं आहे, पण सावकाराचं व्याज त्याही बारांत नाही.

आणखी एक गोष्ट सुटते. घराचा खर्च माणसांनी भागला की प्रत्येकाच्या वाट्याला सारखं आलं असं धरावं लागतं. आपल्या घरांत तसं असतं का? सगळ्यांची जेवणं झाल्यावर टोपल्यात उरेल ती अर्धी भाकर जिच्या वाट्याला येते, ती सरासरीत घरधन्याइतकीच जेवलेली असते.

त्या खर्चाच्या पाहणीत एकाच घरी तीन वेळा जायचं होतं. पुढच्या महिन्यात तो मुलगा पुन्हा आला, तेव्हा काकू शेतात गेल्या असतील असं समजून त्यानं ओसरीवर बसलेल्या काकांनाच विचारायला सुरुवात केली. काकांनी पटापट उत्तरं दिली. साबण एवढा, सरपण एवढं. किलोकिलोनं सांगत होते, आणि तो भरत होता. तेवढ्यात आतून चुलीजवळून काकूंचा आवाज आला, "त्याइले काय माहीत घरात का हाय अन् का नाही! बापू, लिहू नको, मी येतो बाहेर."

मुलानं भरलेलं सगळं पुसलं. काकू पदराला हात पुसत आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागल्या. तुमच्या दारी असं कुणी आलं तर एवढंच करा, घरातल्या बाईला पुढे बसू द्या.

नमस्कार.