बोल्ट खोलायच्या आधी

नमस्कार मंडळी. इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या परड्यात किंवा पत्र्याच्या शेडात एखादी जुनी गाडी ताडपत्री पांघरून उभी असणार. कुणाची फियाट, कुणाची पद्मिनी, खानापूरकडच्यांची जीप, निपाणीकरांची आजोबांच्या वेळची ॲम्बेसेडर. एक दिवस हिला परत रस्त्यावर आणायची हे सगळ्यांनी ठरवून टाकलंय. तो दिवस कुठला, एवढंच ठरायचं राहिलंय. तुम्हाला इंजिनाविषयी आणि रंगाविषयी ऐकायचं असेल, पण मी बोलणार आहे त्या शेडाविषयी. आपल्या भागात अर्ध्यावर सोडलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यातल्या थोड्याच पैशासाठी अडल्या होत्या. मिस्त्रीसाठी तर नाहीच. बुश वळवून देणारा, इंजिनाचं हेड घासून सपाट करून देणारा माणूस बेळगावच्या उद्यमबागेत मिळतोच, आणि इथं नाही जमलं तर कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर कुठं लांब आहे? त्या गाड्या अडल्या त्या खोलून झाल्यावर. सुटे भाग घरभर पसरले, मध्ये दोन पावसाळे गेले, आणि कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच सांगता येईना.

माझी नोकरी फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये झाली. बेळगावात हे समजावून सांगायची गरज नाही, तरी बाहेरून आलेल्यांसाठी सांगतो. जी वस्तू ओतायची तिचा आधी लाकडाचा किंवा ॲल्युमिनियमचा नमुना करतात. तो वाळूत दाबून साचा घेतात. आतल्या पोकळीसाठी कोअर बॉक्स वेगळी, आणि काही नमुन्यांचे तुकडे सुटे असतात. पंपाच्या एका बॉडीसाठी असा पाच-सहा वस्तूंचा संच होतो. त्यातल्या प्रत्येक तुकड्यावर तोच नंबर, सगळा संच एकाच फळीवर, आणि फळीचा नंबर वहीत. लाकडी वस्तू एकीकडे, ॲल्युमिनियमच्या दुसरीकडे अशी दिसायला देखणी मांडणी नवख्या पोरानं केली की फोरमन अण्णा त्याला ती संध्याकाळपर्यंत पूर्ववत करायला लावत. कारण एक सुटा तुकडा नाही सापडला तर बाकीचा नमुना बंबात घालायच्या लायकीचा. गॅरेज लावायची माझी सगळी अक्कल तिथली आहे. बाजारात मिळणाऱ्या रंगीबेरंगी प्लास्टिकच्या पेट्या आणि भिंतीवरचे हूक हे सगळं मागाहून.

आधी शेडात काय काय असतं ते बघू. भाताची पोती, तांब्याचा बंब, गौरी-गणपतीचं मखर, लोखंडी कॉट, हवा गेलेल्या सायकली, रंगाचे अर्धे डबे. वडगाव-शहापूरकडच्या घरात मागाचे सुटे भाग. आणि ‘लागतील की कधीतरी’ म्हणून रचून ठेवलेली कौलं, जी लागत नाहीत. यातलं सगळ्यात आधी बाहेर जायला पाहिजे ते भात. कारण उंदीर. तो येतो भातासाठी, पण बाळंतपण करतो सीटच्या काथ्यात आणि दात घासतो वायरिंगवर. उसाची तोड सुरू झाली की शेतातली पण वस्तीला येतात. भात घरात, झाकणाच्या कणगीत जाऊ दे. दुसरं, पेट घेणारं सगळं: थिनर, जुनं रॉकेल, जळणाची लाकडं, जादाचं गॅस सिलिंडर. मखर मात्र राहू दे, वर माळ्यावर बांधून. मखर हलवायची गोष्ट ज्या घरात निघते, तिथं गाडीचा प्रस्तावही त्याच दिवशी पडतो. वहिनी हसताहेत, म्हणजे अनुभव आहे.

भंगारवाल्याला बोलवायची घाई करू नका. ढिगात गंजलेली वाटी दिसते ती कदाचित तुमच्याच गाडीची हबकॅप असते. पद्मिनीवाल्यांनी तर फार सांभाळायला हवं. फियाटचं ११०० डी हे मॉडेल इथं १९६४ पासूनचं, त्याला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळालं, आणि उत्पादन थांबून आता दोन दशकं उलटून गेली. मुंबईत टॅक्सी होत्या तोवर सुटा भाग कुठून तरी निघायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात तीही गेली. तेव्हा ज्या लोखंडाला नाव सांगता येत नाही ते फेकायचं नाही. एक पोतं ‘अनोळखी’ म्हणून बांधून ठेवा आणि कुणा जुन्या मिस्त्रीमामाला चहाला बोलवा. एका चहात अर्धं पोतं ओळखून देतील.

आता माप. आपल्याकडं घराच्या बाजूची शेड साधारण १० फूट रुंद, १८ फूट लांब धरू. पद्मिनी ३.९३ मीटर लांब, १.४६ मीटर रुंद. म्हणजे जवळजवळ १३ फूट आणि पावणेपाच फुटांच्या वर थोडी. लांबीत पाच फूट उरतात, रुंदीतही पाच. गाडी बरोबर मधोमध उभी केली तर दोन्हीकडं अडीच-अडीच फूट राहतात आणि कुठल्याच बाजूला नीट बसून काम होत नाही. म्हणून ती एका भिंतीकडं सरकवा. तिकडं दीड फूट, इकडं साडेतीन. दीड फुटाच्या बाजूला काम आलं की सांगाडा फिरवून घ्यायचा; त्यासाठी चाकं शेवटपर्यंत घालता-काढता यायला हवीत, किंवा खाली लोखंडी ट्रॉली करून घ्या. पुढच्या पाच फुटांत दोन फूट खोलीचं कामाचं टेबल आणि तीन फूट उभं राहायला. टेबल भिंतीत ठोकून पक्कं करा. हलणाऱ्या टेबलावर व्हाइस बसवणं म्हणजे रोज स्वतःशी भांडण.

हे सगळं उभ्या गाडीचं माप झालं. खोललेली गाडी माझ्या अंदाजानं त्याच्या तिप्पट जागा मागते, आणि तिथंच लोक फसतात. चार दारं, बॉनेट, डिकीचं झाकण, दोन सीटा, काचा, रेडिएटर, पेट्रोलची टाकी, इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, मागचा ॲक्सल. हे जमिनीवर ठेवायला जागा नाही, म्हणून भिंती वापरायच्या. दारं उभी टांगा, मध्ये जुनी वाकळ घालून. काच कधीही आडवी ठेवू नका. लाकडी चौकटीत, खाली रबर देऊन, कडेवर उभी ठेवा. जड ते खाली, हलकं ते वर. बॉनेट माळ्यावर जाईल, मखराच्या शेजारी. इंजिनासाठी चेन पुली लावणार असाल तर शेडाच्या पत्र्याच्या अँगलवर विश्वास ठेवू नका. तो अँगल पत्रा पेलायला घातलेला असतो. वेगळा तिपाई सांगाडा भाड्यानं मिळतो. आणि गाडीखाली नुसत्या जॅकवर जायचं नाही. घोडी, म्हणजे खालून टेकू देणारा लोखंडी स्टँड लावायचा, तोही ठरलेल्या जागी. पद्मिनीला वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, बॉडीच भार घेते. गंजलेल्या पत्र्याखाली घोडी दिली तर ती आत घुसते.

खोलायच्या क्रमाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण बाकी विसरलात तरी चालेल.

एक भाग काढला, म्हणजे त्याचे बोल्ट, वायसर, क्लिपा, सगळं एका पिशवीत किंवा डब्यात. सगळे बोल्ट एका बरणीत, सगळे नट दुसऱ्या, असं करणारा माणूस घरात व्यवस्थित म्हणून ओळखला जातो आणि त्याची गाडी कधी जोडली जात नाही. त्याहून बरं, शक्य असेल तिथं बोल्ट आपल्याच भोकात दोन आटे फिरवून ठेवून द्या. त्याला डबा लागत नाही, चिठ्ठी लागत नाही. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो, आणि फोटोत डब्याचा नंबर दिसेल असा. डबे मांडणीवर काढलेल्या क्रमानं लावा: पहिला काढलेला सगळ्यात आत, शेवटचा दाराशी. जोडताना उलटं जायचं असतं, म्हणजे हाताशी पहिलं येतं ते पहिलं लागणारं. पाने पण वेगळे ठेवा. फियाटला मेट्रिक लागतात, ॲम्बेसेडरला आणि जुन्या जीपला इंची. दोन्ही एका पेटीत असले की एखादा पाना बसल्यासारखा वाटतो, आणि बोल्टाचं डोकं गोल होऊन जातं.

चिठ्ठीवर शब्द लिहू नका, नंबर लिहा. याचं कारण अगदी आपल्या गावचं आहे. तुम्ही लिहिणार मराठीत. टिंकर, म्हणजे पत्रा ठोकणारा, येतो तो कानडी वाचतो, वायरिंगवाला घरी उर्दू बोलतो, आणि पोरगा इंग्रजी शाळेतला. ‘पुढचा डावा’ हे चौघांना चार तऱ्हेनं कळणार; ४७ मात्र चौघांनाही ४७ च. वहीत काय लिहायचं ते तुमच्या भाषेत लिहा. नंबर पत्र्याच्या लहान बिल्ल्यावर पंचनं ठोकलेला बरा. मार्करची शाई पेट्रोल-थिनरनं जाते आणि चिकटपट्टी एका उन्हाळ्यात वाळून गळते.

आणि पावसाळा. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न तालुक्यागणिक बदलतो. अथणीच्या माणसाला धूळ सांभाळायची आहे, खानापूर-जांबोटीच्या माणसाला पाणी, आणि बेळगावकराला दोन्ही. उघडा पत्रा पावसाळ्यात ठेवला तर दोन-चार दिवसांत तांबूस होतो. त्यावर साधा प्राइमर मारून निश्चिंत झालेले पुष्कळ आहेत. पण साधा प्राइमर ओल पितो आणि गंज त्याच्याखाली चालू राहतो. म्हणून पत्र्याचं काम दिवाळीनंतर काढा आणि वळवाच्या आत ते भाग एपॉक्सी प्राइमरखाली किंवा रंगाखाली गेले पाहिजेत. जेवढं पुरं होईल तेवढाच पत्रा उघडा करायचा. जून ते सप्टेंबर टेबलावरची कामं: कार्ब्युरेटर, डायनमो, डिस्ट्रिब्युटर, वायरिंग. याचा अर्थ गॅरेज वर्षातून दोनदा बदलतं. पावसाळ्यात टेबलाभोवतीची जागा मोठी, उन्हाळ्यात गाडीभोवतीची. रॅकला चाकं लावली तर अर्ध्या दिवसात हे होतं. जमिनीवर काहीही थेट ठेवायचं नाही. फरशीला ओल फुटते. खाली लाकडी पाट्या, आणि मशीन केलेल्या भागांना तेलाचा हात. वर ताडपत्री गच्च गुंडाळायची नाही, आत वाफ धरते. सुती चादर बरी.

धोक्याचं थोडक्यात सांगतो. पेट्रोलची टाकी पहिल्या दिवशी काढून बाहेर न्या. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, कारण आत वाफ असते, आणि तिला वेल्डिंगची ठिणगी नको. बॅटरीचं चार्जिंग खिडकीपाशी करा, हायड्रोजन सुटतो. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, तिथं कॉम्प्रेसरची हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात ठेवली तर आपोआप तापून पेटतात. ती बाहेर पसरून वाळवा. आग विझवायचं नळकांडं दाराजवळ हवं. ते आत टेबलामागं टांगलं तर आगीतून जाऊन आणावं लागेल. वीज जोडताना अर्थिंग तपासून घ्या आणि वीज गळली की लगेच तोडणारं ३० मिलीअँपचं आरसीसीबी बसवा, खास करून ओल्या फरशीवर. दिवे दोन, गाडीच्या दोन्ही अंगांना. मधल्या एका ट्यूबनं टप तेवढा उजळतो.

एक चिठ्ठी आली आहे. विचारताहेत, ‘काका, नवीन भाग बसवल्यावर जुने टाकून द्यायचे का? मांडणी रिकामी होईल.’ नको. २०२१ मध्ये केंद्राचे नियम आले. ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. रोज बाजाराला नाही. १९७४ ची पद्मिनी यात बसते. मूळचं काय होतं हे दाखवायची वेळ आली तर तुमचा जुना डबा आणि त्याचे फोटो उपयोगी पडतील. मूळ आरसी आणि विम्याचे कागद त्याच मांडणीवर ठेवू नका, ते घरात कपाटात. बदललेला भाग त्याच नंबरच्या डब्यात परत घाला, आणि नवा कुठून आणला, किती रुपयांना, ते वहीत त्या नंबरासमोर लिहा. मडगार्डसारखे मोठे भाग डब्यात मावणार नाहीत, त्यांना बिल्ला बांधून माळ्यावर पाठवा. तिथं अजून जागा नसेल तर ती कौलं काढा.