कोची बघायची ती बोटीतून

नमस्कार श्रोतेहो. लांब कुठंतरी जायचंय, समुद्र हवा, जुनं शहर हवं आणि खिसाही सांभाळायचाय, अशी बोलणी तुमच्याकडे सुरू असतील तर मी तुम्हाला आज कोचीला धाडणार आहे. एकच गोष्ट सांगणार आहे आणि ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कोची बघायची ती सरकारी बोटीतून. टॅक्सीतून नाही, तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या पर्यटकांच्या बोटीतूनही नाही. केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याची साधी प्रवासी बोट, जिच्यातून तिथली माणसं डबा घेऊन रोज कामाला जातात, ती.

कारण हे शहर घडलंच पाण्यामुळे. 1341 साली पेरियार नदीला मोठा पूर आला, मुझिरिसचं प्राचीन बंदर गाळानं भरलं आणि कोचीच्या बंदराचं तोंड मोकळं झालं, असं मानतात. मग 1500 साली पोर्तुगीज, 1663 साली डच, पाठोपाठ इंग्रज. आले ते सगळे समुद्रानं. म्हणून शहराचा चेहरा पाण्याकडे आहे. रस्त्यानं गेलात तर त्याची पाठ दिसते.

राहायला एर्नाकुलमला राहा, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागात, तिथल्या मुख्य जेट्टीच्या आसपास. स्टेशन जवळ, साध्या लॉजचे दर पाण्यापलीकडच्या जुन्या शहरातल्या, फोर्ट कोचीतल्या हॉटेलांपेक्षा बरेच कमी. मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस पकडली की कोकण रेल्वेनं दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथं. झालं, एवढी तयारी पुरे. आता मला माझ्या आत्याबद्दल सांगू द्या.

आत्या वेंगुर्ल्याची. आयुष्यभर मासळीबाजार, घर आणि मुलं यांत गेलेली बाई. तिला घेऊन मी कोचीला गेले होते. जेट्टीवर एकानं आम्हाला गाठलं आणि खास बोटीचा तासाचा दर सांगितला. आत्यानं पदर खोचला आणि म्हणाली, "इतक्या पैशात माझो महिन्याचो बाजार येतलो. चल, लोकांवांगडा जावया." आम्ही रांगेत उभ्या राहिलो. तिकीट किती? दहा रुपयांच्या आत! वीसेक मिनिटं गार वारा, एका बाजूला नौदलाची जहाजं, पुढं विलिंग्डन बेट, त्यावरच्या क्रेन. हे बेट बंदरातला गाळ उपसून, भर घालून वाढवलेलं आहे हे मी तिला सांगत होते. तिचं लक्ष होतं पाण्याच्या रंगाकडे. भरती की ओहोटी, ते ती बघत होती.

फोर्ट कोचीला उतरून आम्ही समोरच्या वायपीन बेटावर जाणारी बोट धरली. ही तर पाचेक मिनिटांचीच, आणि आणखी स्वस्त. तिथं आमच्या शेजारी एक बाई अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं घेऊन बसली होती, त्यात बांगडे. आत्या स्वतःशीच पुटपुटली, "बांगडे बघ कसे चकाकतत!" आणि श्रोतेहो, त्या बाईनं वळून उत्तर दिलं. मल्याळममध्ये नाही, कोकणीत! मल्याळम मिसळलेली, सूर वेगळा, पण आम्हा दोघींना कळेल अशी. ती कुडुंबी समाजाची होती. पोर्तुगीजांच्या काळात गोव्याहून निघून केरळच्या किनाऱ्यावर गेलेले हे लोक. पोहे कांडणं हा त्यांचा जुना उद्योग. घरात ते अजून कोकणी बोलतात.

मग काय विचारता. बोट वायपीनला लागली तरी दोघींचं बोलणं संपेना. बांगड्याचा भाव काय, पावसात मासेमारी कधी बंद होते, सून कशी आहे. तिनं आम्हाला जेट्टीजवळच्या एका खानावळीत नेऊन बसवलं, मालकाला काहीतरी बजावलं आणि आपल्या कामाला गेली. पानात लालसर जाड भात आला. आत्याला तो लगेच ओळखीचा वाटला, आमच्याकडचा उकडा जसा. आणि माशाची लाल आमटी. आत्यानं बोट बुडवून चाखली, डोळे मिटले आणि निकाल दिला, "ह्यां सोल न्हय, पण सोलाच्या भावकीतलाच." ते कुडमपुळी होतं. वनस्पतिशास्त्र तेच सांगतं. आपलं कोकम आणि केरळची कुडमपुळी एकाच कुळातली झाडं. आत्यानं ते जिभेवरून ओळखलं.

जेवून परत बोटीत बसलो, तर फोर्ट कोचीला आत्या उतरेचना. "परत जावया," म्हणाली. आम्ही तिकीट काढून परत गेलो, मग परत आलो, मग पुन्हा गेलो. प्रत्येक खेपेला चिनी जाळी तिला वेगळ्या बाजूनं दिसत होती. त्यांना तिथं चीनवला म्हणतात. लांब लाकडी दांडे, मागं दोराला बांधलेले दगड, चारसहा माणसं ओढ घेतात आणि अख्खं जाळं पाण्यातून वर येतं. उन्हं कलल्यावर बंदराच्या तोंडाशी डॉल्फिन वर आले. बोटीतल्या एकाही माणसानं मान वळवली नाही, त्यांना ते रोजचेच. आत्या मात्र उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्या दिवसाचा आमचा बोटीचा सगळा खर्च एका रिक्षाच्या भाड्याएवढाही झाला नाही.

इथं मला राहवत नाही म्हणून बोलते. आपल्या कोकणात खाडीखाडीला तर, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी, चालायची. पूल झाले आणि या होड्या बंद पडल्या. पूल हवेतच, पण होडी का मोडायची? दाभोळ ते धोपावे फेरीबोट अजून धावते आणि लोकांना हवीही असते. कोचीत पूल आहेत आणि बोटीही आहेत. 2023 साली तर विजेवर चालणारी वॉटर मेट्रो आली. थंडगार, सुरेख, थोडी महाग. एकदा जरूर बसा. पण काचेआडून वारा लागत नाही. रोजचा प्रवास साध्या बोटीनंच करा.

आता बघायचं काय ते झटकन सांगते. सेंट फ्रान्सिस चर्च: वास्को द गामा 1524 साली कोचीत वारला, त्याला इथं पुरलं, नंतर अवशेष लिस्बनला नेले. फोर्ट कोचीशेजारच्या मट्टांचेरीचा राजवाडा: बांधला पोर्तुगीजांनी, दुरुस्त केला डचांनी, भिंतींवर रामायणाची चित्रं. तिकीट अगदी किरकोळ. या चित्रांसमोर घाई करू नका, खाली बसून बघा. जवळच 1568 सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, फरशा चीनमधून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या. त्याच भागात चेरलाईला गौड सारस्वतांचं तिरुमल देवस्थान आहे. इथल्याच तीन कोकणी पंडितांनी डच गव्हर्नर फान रीडला मलबारच्या वनस्पतींवरच्या 12 खंडांच्या ग्रंथासाठी मदत केली. त्या ग्रंथात त्यांचं नागरी लिपीतलं कोकणी प्रशस्तिपत्र छापलेलं आहे, सतराव्या शतकातलं!

मट्टांचेरीला शुक्रवारी, शनिवारी जाऊ नका. सिनेगॉग दोन्ही दिवस बंद, राजवाडाही शुक्रवारी बंद. सुटे पैसे जवळ ठेवा, बोटीच्या खिडकीवर मोठी नोट चालत नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, ते आधी बघा. आणि एर्नाकुलमच्या जेट्टीवर कुणी खास बोटीचा दर सांगायला लागलं, तर सरळ पुढं चालत राहा, सरकारी तिकीटखिडकी तिथंच आहे. नमस्कार.