सोनेगावच्या थैल्या आणि मनीषनगरचं पिवळं गेट

मंडळी, बोलायचंय कुरिअरच्या धंद्याबद्दल, पण सुरुवात सरकारी टपालापासून करतो. १९४९ साली टपाल खात्याने रात्रीची विमानसेवा सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास इथून रात्री विमानं निघायची आणि आपल्या नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं आपापल्या गावी परतायची. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत फ्रेड स्मिथ यांच्या फेडेक्स या कुरिअर कंपनीने मेम्फिस शहरात हेच केलं, चौदा छोटी विमानं घेऊन; पहिल्या रात्री पाकिटं होती १८६. मेम्फिसचं नाव जगभर झालं. आपली रात्रसेवा त्याच सुमारास बंद पडली आणि नागपूरकर तिला विसरलेसुद्धा.

आता तेच काम रस्त्याने परत आलंय. २०१७च्या आधी परराज्यातल्या विक्रीवर लागणारा केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या राज्याराज्यांत गोदामं ठेवत. जीएसटीनंतर ती गरज उरली नाही, मध्यावरचं एक मोठं गोदाम परवडू लागलं. त्यात ४४ आणि ५३ हे दोन्ही राष्ट्रीय महामार्ग आपल्याकडे एकमेकांना छेदतात, आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये पूर्ण झाला. नागपूरलगतच्या वाडीकडे एक चक्कर मारा, गोदामं मोजता मोजता थकाल.

याचा अभिमान मला आहे, पण बेताचाच. ट्रक रात्री येतो, माल वळतो, ट्रक पुढे जातो. शहराच्या वाट्याला उरतं ते शेवटचं अंतर, गोदामापासून दारापर्यंतचं. माझ्या मते या धंद्याचं बरंवाईट तिथेच ठरतं.

मी कुरिअरची फ्रँचायझी घेतली तेव्हा आम्ही कागदांवर जगत होतो. चेकबुकं, टेंडरं, वकिलांच्या नोटिसा. ते बहुतेक सगळं मोबाइलमध्ये गेलं. पोस्टानेही २०२५मध्ये रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टात मिसळून टाकली. आमच्याकडे पाकिटांचा ढीग आता राखीच्या दिवसांतच दिसतो. बाकी सगळी पार्सलं, आणि त्यातली बरीच सीओडी, म्हणजे पैसे दारावर.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. पारा ४४च्या वर. आमच्या डिलिव्हरीच्या पोराच्या हातात पार्सल, पत्ता काय, तर 'मनीषनगर, हनुमान मंदिराच्या मागे, पिवळं गेट'. अर्ध्या तासाने त्याचा फोन: "भाऊ, इथं दोन मंदिरं आहेत ना जी, अन् गेटं तीन पिवळी." शेवटी घर सापडलं. आतून आवाज आला, "साहेब घरी नाहीत, उद्या या." तिसऱ्या खेपेला पार्सल घेतलंच नाही. माल परत. जातानाचं एक आणि येतानाचं एक, असं भाडं दोनदा लागलं, आणि पोराला पैसे मिळतात पोचलेल्या नगावर. उन्हाचे कोण देणार?

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून. टपालात वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी, असा माणूस! पण पिनकोड नेतो पोस्टापर्यंत, दारापर्यंत नाही. आता टपाल खात्याने डिजिपिन काढलाय, साधारण चार मीटरच्या चौकोनाला एक खूण. उत्तम आहे. पण आपण मंडळी पत्ता सांगताना अजून 'पानठेल्यापाशी येऊन फोन करा' म्हणतो.

पुढे काय, हे सगळे विचारतात. दहा मिनिटांत सामान आणणाऱ्यांची चर्चा जास्त होते. ती शर्यत फार काळ चालेल असं मला वाटत नाही. माझी पैज आहे पोरगा टिकवून ठेवणाऱ्यावर. नोव्हेंबर २०२५मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के हिस्सा द्यावा, अशी तरतूद तीत आहे. तो खरंच पोचला, तर काही पोरं थांबतील.

कारण पोरगा गेला की पत्ते जातात. मनीषनगरवाल्या त्या पोराकडे एक वही होती: कुठली बेल बंद, कुठे कुत्रा मोकळा, कोण दुपारी झोपतं, सगळं टिपलेलं. दिवाळीनंतर तो दुसरीकडे लागला. जाताना वही माझ्या टेबलावर ठेवून गेला. नव्या पोराला दिली, त्याला अक्षर लागेना. आता तो रोज दुपारी जुन्याला फोन करतो, आणि जुना बिचारा दुसऱ्याच कंपनीच्या गाडीवर बसून त्याला गल्ल्या सांगतो.