दाब का उतरला?

तेलविहीर खोदणाऱ्या रिगवर जागोजागी अलार्म असतात, तरी बिघाड उशिरा कळतो. अलार्म एका वेळी एकच आकडा बघतो, हे त्याचं कारण. स्टँडपाइपचा (पंपातून येणारा मड वर नेणाऱ्या उभ्या पाइपचा) दाब ३००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे आणि अलार्म २५०० ला लावलाय, तर मधले ५०० पीएसआय सावकाश जात असताना तो गप्पच राहणार. म्हणून दाब नेहमी पंपाच्या स्ट्रोकच्या जोडीनं वाचायचा.

स्ट्रोक काउंटर पिस्टनच्या फेऱ्या मोजतो, मड (विहिरीत फिरवायचा चिखलासारखा द्रव) मोजत नाही. पंपाचा व्हॉल्व्ह गळायला लागला की स्ट्रोक तेवढेच दिसतात, पण विहिरीत मड कमी जातं. दाब साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. प्रवाह ५ टक्क्यांनी घटला तर ३००० चे जवळपास २७०० होतात. खोली वाढत असताना दाब थोडा वाढायला हवा. तो नुसता स्थिर राहिला तरी मला शंका येते.

दाब उतरला तर सगळ्यात आधी फ्लो चेक. ड्रिलिंग थांबवा, बिट (खोदणारं टोक) तळापासून उचला, पंप बंद करा आणि विहीर आपणहून वाहतेय का ते बघा. आत शिरलेल्या वायूमुळेही दाब उतरतो आणि स्ट्रोक वाढतात. पंपावर संशय घेत बसलात आणि खरं कारण किक (खडकातला वायू किंवा द्रव विहिरीत घुसणं) निघालं, तर गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत.

विहीर शांत असेल तर दुसरा पंप तेवढ्याच स्ट्रोकवर चालवा. दाब पूर्ववत झाला तर दोष पहिल्या पंपात. दोन्हींवर सारखाच कमी आला तर ड्रिल स्ट्रिंगमध्ये (बिटपर्यंत जाणाऱ्या पाइपांच्या माळेत) वॉशआउट, म्हणजे मडानं पाडलेलं भोक, असू शकतो, किंवा बिटचा नोझल (मड बाहेर सोडणारं तोंड) गेला असेल. नोझल गेला तर दाब सहसा एकदम पडतो, वॉशआउट असेल तर हळूहळू. खाली टर्बाइनवर चालणारं एमडब्ल्यूडी (खोदता खोदता मोजमाप करणारं टूल) असेल तर त्याच्या टर्बाइनचे फेरे बघा. पंप ठीक असताना फेरे घटले तर गळती टूलच्या वर, फेरे तेच राहून दाब उतरला तर खाली. वॉशआउटचा संशय असताना ड्रिलिंग चालू ठेवू नये. भोक मोठं होत जातं आणि पाइप तिथेच तुटतो.

आता पंपाकडे. ट्रिप्लेक्स पंपाला तीन सिलिंडर, प्रत्येकाला एक सक्शन आणि एक डिस्चार्ज व्हॉल्व्ह. मिनिटाला १२० स्ट्रोकवर दाबाची मुख्य धडक सेकंदाला ६ वेळा येते. एखादा व्हॉल्व्ह गळू लागला की त्यात सेकंदाला २ वेळांची लय मिसळते, कारण दर फेरीत एकच सिलिंडर कमी पडतो. कोणता, ते शोधायला प्रत्येक मॉड्यूलवर (सिलिंडरचे व्हॉल्व्ह ज्यात बसतात त्या पोलादी ठोकळ्यावर) कंपनाचा सेन्सर आणि क्रँकची स्थिती सांगणारा स्विच लागतो. सक्शनच्या वेळी फुसफुस आली तर डिस्चार्ज व्हॉल्व्ह गळतोय, डिस्चार्जच्या वेळी आली तर सक्शन. या टप्प्यावर व्हॉल्व्ह आणि त्याचं रबर बदलून भागतं. दुर्लक्ष केलं तर वाळूमिश्रित मड आधी सीट (व्हॉल्व्ह ज्यावर टेकतो ती कडा) कापतं, मग मॉड्यूलचं पोलादच.

पिस्टनच्या रबरासाठी सेन्सरही नको. लायनर (पिस्टन ज्यात सरकतो ती नळी) धुणारं पाणी मडानं गढूळ झालं की रबर गेलं समजा.

आणि पल्सेशन डॅम्पनर (पंपाचे धक्के शोषणारं वायूचं भांडं) विसरू नका. त्यातला नायट्रोजन कमी झाला की दाब इतका हलतो की व्हॉल्व्हची बारीक लय त्यात बुडून जाते. प्रीचार्ज (डॅम्पनरमध्ये आधी भरलेल्या नायट्रोजनचा दाब) पंप बंद करून, लाइनचा दाब शून्यावर आणूनच तपासायचा. चालू पंपावर गेज लाइनचाच दाब दाखवतो. भरायचा फक्त नायट्रोजन. हवा किंवा ऑक्सिजन कधीही नाही, स्फोट होऊ शकतो.