टाकीपासून नळापर्यंत

(दृश्य: गीझर उघडलाय. मेकॅनिक पान्याने आतलं एलिमेंट सोडवून बाहेर काढतो.)

हे एलिमेंट नवं असताना चकचकीत होतं. आता त्याच्यावर पांढरा थर इतका चढलाय की मूळ धातू दिसतही नाही. मेकॅनिक पान्याच्या टोकाने ठोकतो, खपल्या पडतात आणि खाली बादलीत ओंजळभर भुगा साठतो. ‘पाणी बोअरचं ना?’ तो विचारतो. उत्तराची वाट बघत नाही.

वाघोली, हिंजवडी, उंड्री. पुण्याच्या कडेने उभ्या राहिलेल्या या भागांत अनेक सोसायट्यांची मदार बोअर आणि टँकरवर असते. इथल्या जमिनीखाली बेसॉल्ट आहे, आपला काळा कातळ. महाराष्ट्राचा सुमारे 80 टक्के भाग याच कातळाने व्यापलाय. तो झिजतो तसं त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतं. गार पाण्यात ते विरघळलेलं असतं, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. पाणी तापलं की त्यातलं बायकार्बोनेट फुटतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे राहतो कॅल्शियम कार्बोनेट. म्हणजे बादलीतला हा भुगा.

किती असतं हे? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस 10500. त्यानुसार जडपणा, म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात मोजलेलं, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा. समजा, तुमच्या पाण्यात तो 500 आहे. मग 10,000 लिटरच्या एका टँकरबरोबर सोसायटीत 5 किलो खडू आला. तो शॉवरच्या भोकांत बसतो, वॉशिंग मशीनमध्ये बसतो, गरम पाण्याच्या पाइपात आतून चढत जातो.

(दृश्य: गच्चीवर टाकीशेजारी उभी तीन उंच सिलिंडरं. वर व्हॉल्व्ह, बाजूला मिठाची टाकी.)

म्हणून मग हा सरंजाम. स्वयंपाकघरातला फिल्टर एका नळापुरता असतो. हा अख्ख्या घराच्या किंवा इमारतीच्या लाइनवर बसतो.

पहिल्या सिलिंडरात वाळू. गाळ, माती, गंजाचे कण तिथे अडकतात. मधूनमधून पाणी उलटं सोडून वाळू धुवावी लागते, त्याला बॅकवॉश म्हणतात. तो राहिला की वरच्या मजल्यावरून प्रेशर कमी झाल्याची तक्रार येतेच.

दुसऱ्यात कार्बन. वास जातो, क्लोरीन जातं. विक्रेते हे कौतुकाने सांगतात. पण पालिकेने पाण्यात क्लोरीन ठेवलेलं असतं ते वाटेत जंतू वाढू नयेत म्हणून. ते तुम्ही दारातच काढून घेतलंत, तर पुढची टाकी आणि सगळे पाइप बिनपहाऱ्याचे झाले. तेव्हा पालिकेच्या लाइनवर कार्बन बसवण्याआधी दोनदा विचार करा, आणि बसवलाच तर पुढे टाकीत क्लोरीन पुन्हा कोण घालणार, ते ठरवून ठेवा.

खरं काम तिसऱ्यात चालतं. हा सॉफ्टनर.

(दृश्य: तळहातावर ओले, मधाच्या रंगाचे बारीक मणी.)

हे रेझिन. प्रत्येक मण्यावर सोडियम बसलेलं असतं. जड पाणी यातून गेलं की मणी कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. काही दिवसांनी मणी भरतात. मग मिठाचं दाट पाणी सोडायचं; धरलेलं कॅल्शियम सुटतं, सोडियम परत जागेवर बसतं. मघाच्या त्या 5 किलोंसाठी हिशोबाने जवळपास 6 किलो मीठ लागतं, प्रत्यक्षात दुप्पट किंवा त्याहून जास्त.

या साध्या अदलाबदलीत दोन गोष्टी दडल्यात, आणि माहितीपत्रकात त्या फार क्वचित सापडतात.

एक, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, कमी होत नाही. क्षार बदलले, गेले नाहीत. उलट मीटरचा आकडा किंचित वाढू शकतो. टीडीएस मीटर बुडवून सॉफ्टनर विकणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. घरची परीक्षा वेगळी आहे. अर्ध्या बाटलीत पाणी घ्या, अंगाच्या साबणाचा चुरा टाका, बूच लावून हलवा. फेस टिकला आणि खाली पाणी नितळ राहिलं, तर सॉफ्टनर काम करतोय. फेसाऐवजी दुधट साय आली, तर मीठ संपलंय.

दोन, सोडियम. 500 चा जडपणा पूर्ण काढला तर लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. साधारण 200 पासून जिभेला चव कळायला लागते. रक्तदाबामुळे मीठ कमी करायला सांगितलेल्या माणसाने हे पाणी तसंच पिऊ नये. स्वयंपाकघरात आरओ असेल तर तो हे सोडियम बराचसा काढतो, शिवाय मऊ पाण्याने त्याचा पडदाही जास्त टिकतो. आरओ नसेल तर प्लंबरकडून पिण्याच्या नळाला सॉफ्टनरच्या आधीची वेगळी लाइन काढून घ्या. फरशी बसण्याआधी हे काम स्वस्तात होतं.

आणि जंतू? वाळू, कार्बन, रेझिन यांतलं काहीही पाणी निर्जंतुक करत नाही. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशयाची सुई पाण्याकडेच वळली होती. तिथे उपयोग क्लोरीनचा, उकळण्याचा, यूव्हीचा.

पाइपाला बाहेरून गुंडाळायची चुंबकाची, तारांची यंत्रंही बाजारात आहेत. ती पाण्यातून काहीच काढत नाहीत, आणि त्यांच्या परिणामाचे पुरावे उलटसुलट आहेत. पैसे घालण्याआधी प्रयोगशाळेत जडपणा, लोह आणि जंतू यांची तपासणी करा. एक नमुना मे महिन्यात, एक पावसाळ्यानंतर, कारण बोअरचं पाणी वर्षभर सारखं नसतं. टँकरचं तर दर खेपेला बदलू शकतं. लोह जास्त निघालं तर त्याचा फिल्टर सॉफ्टनरच्या आधी हवा, नाहीतर रेझिन तांबूस होऊन निकामी होतं.

(दृश्य: सॉफ्टनरच्या तळातून निघणारा पाइप, खाली गटाराकडे.)

मणी धुतलेलं ते खारट पाणी इथून जातं. अनेक सोसायट्यांत ते मैलापाणी प्रक्रिया केंद्रात शिरतं. तिथली प्रक्रिया मीठ काढत नाही, आणि तेच पाणी पुढे बागेला सोडतात. सोडियम साठलं की माती घट्ट होते, पाणी मुरत नाही. माळी खत वाढवून बघतो, कमिटी माळी बदलून बघते.